पितळेचा साप आणि मंडळीच्या खुणा

(पाठ : गणना २१:४-९; २ राजे १८:४; योहान ३:१४)

अरण्यात इस्राएल लोक कुरकुर करू लागले, तेव्हा त्यांच्यांत आग्ये साप सुटले व पुष्कळ लोक मेले. मग देवाच्या आज्ञेवरून मोशेने पितळेचा साप करून खांबावर लाविला. दंश झालेला जो कोणी त्याजकडे पाही तो वाचे. पितळेत काही औषध होते काय? मुळीच नव्हते. ते पाहणे म्हणजे देवाच्या शब्दावर भरंवसा ठेवणे होते. उपदेशकांनी येथे थोडे थांबावे. लोकांनी साप घालवून देण्याची विनंती केली होती; पण साप तत्काळ गेले असे लिहिलेले नाही. दंश झालेल्यास जगण्याचा मार्ग मात्र मिळाला.

पुढे पाचशेहून अधिक वर्षे लोटली. तोच साप जपून ठेविलेला होता आणि लोक त्यापुढे धूप जाळीत. यहूदाचा राजा हिज्कीया ह्याने त्याचे तुकडे केले. मोशेच्या हातची वस्तू फोडिलेली पाहून कित्येकांचे मन दुखावले असेल; तरी शास्त्र राजाची वाखाणणीच करिते. साप तोच होता, पाहणाऱ्यांची दृष्टी पालटली होती. तथापि त्या सापाचा अर्थ नष्ट झाला नाही. निकदेमाशी बोलताना प्रभूने आपल्या मरणाविषयी तोच दाखला घेतला.

आज वधस्तंभ उपासनामंदिराच्या शिखरावर दिसतो, म्हणून तो आरंभापासून तेथे होता असे पुष्कळांस वाटते. तसे नाही. रोमी राज्यात ते दासांचे व बंडखोरांचे लज्जास्पद मरण होते. रोम शहरातील पॅलाटाईन टेकडीवर १८५७ साली भिंतीवर कोरलेले एक जुने चित्र सापडले. त्यांत गाढवाचे डोके असलेला मनुष्य वधस्तंभावर दाखविला असून, अलेक्सामेनोस नामक कोणी आपल्या देवास भजत आहे, अशी ग्रीक भाषेत थट्टा केली आहे. अशा काळी ख्रिस्ती लोक मासा, नांगर, कबुतर ह्या साध्या खुणा वापरीत. (हा नांगर शेतीचा नव्हे, गलबताचा, मुलांस हे अवश्य सांगावे.) माशाला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्याची पाच अक्षरे म्हणजे येशू, ख्रिस्त, देवाचा, पुत्र, तारणारा ह्या शब्दांची आद्याक्षरे होत. इ. स. ३१३ मध्ये मंडळीस मोकळीक मिळाली. त्यानंतर वधस्तंभ हळूहळू उघडपणे दिसू लागला.

आता आपल्या घरांकडे पाहू. मुलास दृष्ट लागू नये म्हणून कोणी माता त्याच्या गळ्यात लहानसा क्रूस बांधिते. कोणी बाप्तिस्म्याचे उरलेले पाणी तापावर पाजण्यास नेते. क्रूस ताईत झाला, तर मूल दगावताच त्या मातेचा विश्वासही दगावेल. ह्यास्तव ही बाब क्षुल्लक समजू नये. तरी उपदेशकाने तो क्रूस हिसकावून घेऊ नये. हिज्कीया राजा होता, आपण सेवक आहो. प्रथम त्या बाईस विचारावे, हा का बांधिला? तिचे भय पूर्ण ऐकून घ्यावे, मुलाजवळ बसून प्रार्थना करावी, आणि ताप असेल तर त्याच दिवशी त्यास दवाखान्यात नेण्याची व्यवस्था करावी. वधस्तंभावर कोण मेला व कशासाठी, हे मग सावकाश सांगावे. आणि क्रूस गळ्यात ठेवावा की काढावा हे तिचे तिला ठरवू द्यावे.