तळ्याकाठची पिवळी फुले

प्रश्न : मुलाकडे सिअ‍ॅटलला आले आहे. घरामागच्या तळ्याकाठी वेखंडासारखी पाने आणि मोठी पिवळी फुले असलेली झाडे दाटली आहेत. ही कोणती? राहू द्यावीत का?

उत्तर : हा बहुधा पिवळा आयरिस (आयरिस स्यूडॅकोरस). मूळचा युरोपातला, शोभेसाठी अमेरिकेत आणलेला. तिथे पाणथळीत आपोआप वाढणारा मोठ्या पिवळ्या फुलांचा आयरिस जवळजवळ हाच असतो. खाली झुकलेल्या तीन पाकळ्यांवर तपकिरी रेषा दिसतील. फुले नसताना पाणकणसाशी गल्लत होते, म्हणून बुंधा पाहा. आयरिसची पाने तळाशी चपटी, पंख्यासारखी एकात एक बसलेली असतात. पाणकणसाचा बुंधा गोलसर. वेखंडाचे पान चुरगळले की ओळखीचा वास येतो, याला तो नाही. मात्र हातमोजे घाला, याच्या रसाने कातडीची आग होते.

फूल देखणे आहे, पण राहू देऊ नका. जमिनीतल्या जाड कंदांची गच्च गादी होऊन स्थानिक वनस्पतींना जागाच उरत नाही. बिया पाण्यावर तरंगत दूर जातात. कंदाचा तुकडाही रुजतो. वॉशिंग्टन राज्याच्या उपद्रवी तणांच्या यादीत हा आहे. तिकोनी बोंडे फुटण्याआधी तोडून पिशवीत बांधा, खतात टाकू नका. कंद खणण्याआधी काउंटीच्या तण नियंत्रण विभागाला फोटो पाठवा. काठावर खणण्याचे नियम तेच सांगतील.