अडवणारा कोण, ते आधी बघ

अगं राणी, राज्यशास्त्र घेतलंस याचा मला किती आनंद झालाय, ते फोनवर नीट सांगताच आलं नाही. पाठोपाठ तुझी तक्रारही कळली. आपल्या संभाजीनगरात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं, आणि वर्गात शिकवतात काय, तर अमेरिकेत सिनेटर किती आणि त्यांची मुदत किती! याचा आपल्याला उपयोग काय, असं तू विचारलंस. प्रश्न रास्त आहे, म्हणून आज निवांतपणे त्यावरच बोलते.

लहानपणापासून आपण मुख्यमंत्री, अविश्वास ठराव, राज्यपाल हे शब्द ऐकत आलो. त्यामुळे हे सगळं ऊन-पावसासारखं आपोआप आलेलं वाटतं. तसं ते नाही. आपली राज्यपद्धती कुणीतरी विचार करून, दुसरे पर्याय तपासून निवडलीय. त्या तपासलेल्या पर्यायांतला सगळ्यात मोठा पर्याय अमेरिकेचा होता. नाकारलेला पर्याय माहीत नसेल, तर स्वीकारलेल्याची किंमत कशी कळणार? तुझ्या अभ्यासक्रमाचा खरा उपयोग हा आहे.

आणि ही तपासणी ज्यांनी केली, त्यांचं आपल्या गावाशी नातं आहे. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. जॉन ड्यूई, एडविन सेलिग्मन यांच्यासारख्या शिक्षकांपाशी शिकले. त्याच बाबासाहेबांनी १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे इथे महाविद्यालय सुरू केलं, तेच आपलं मिलिंद. पुढे मिलिंदचे प्राचार्य म. ना. वानखेडे स्वतः अमेरिकेत शिकून आले, आणि मिलिंदच्या आवारात, नागसेनवनात, कृष्णवर्णीयांच्या साहित्याची चर्चा रंगू लागली. तेव्हा अमेरिका आपल्या गावाला परकी आहे, असं मनातही आणू नकोस.

आता एक तारीख लक्षात ठेव. १७ सप्टेंबर १९४८ला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला. त्यानंतर दीड महिन्यानं, ४ नोव्हेंबरला, बाबासाहेबांनी संविधान सभेत मसुदा मांडला. त्या भाषणात त्यांनी अमेरिकेची अध्यक्षीय पद्धत आणि आपली संसदीय पद्धत शेजारी शेजारी ठेवल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सरकार स्थिर हवं आणि जबाबदारही हवं, पण दोन्ही गोष्टी सारख्याच प्रमाणात देणारी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही. अमेरिकेची पद्धत स्थैर्य जास्त देते, संसदीय पद्धत जबाबदारी जास्त देते. आपण जबाबदारीला झुकतं माप दिलं. हे भाषण तू मुळातून वाच. तुझ्या वर्षभराच्या अभ्यासाचा कणा त्यात आहे.

हे नुसतं तत्त्व वाटत असेल, तर एक उदाहरण घे. सरकारच्या खर्चाला कायदेमंडळानं मंजुरी दिली नाही, तर काय होतं? आपल्याकडे लोकसभेनं अर्थसंकल्प फेटाळला, तर सरकारला जावं लागतं. अमेरिकेत अध्यक्ष चार वर्षांसाठी निवडलेला असतो. काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या कायदेमंडळानं, पैसे अडवले म्हणून त्याचं पद जात नाही. मग कचेऱ्याच बंद पडतात. २०१८-१९च्या हिवाळ्यात तिथलं सरकारी काम अंशतः असं ३५ दिवस ठप्प होतं. कित्येक कर्मचारी घरी बसले, कित्येकांनी बिनपगारी काम केलं, आणि अध्यक्ष मात्र खुर्चीवर कायम. तिढा एकच, पण तिथे कचेरीला कुलूप लागतं आणि इथे मंत्रिमंडळ पायउतार होतं. असं उदाहरण डोळ्यांपुढे असलं, की 'सत्ताविभाजन' हे प्रकरण पाठ करावं लागत नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं: प्रत्येक संस्थेपाशी थांबून एकच प्रश्न विचार, हिला अडवणारं कोण? अध्यक्ष विधेयकावर नकाराधिकार वापरतो, त्याला अडवायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. अध्यक्ष न्यायाधीश नेमतो, पण सिनेटच्या संमतीशिवाय नेमणूक होत नाही. काँग्रेस कायदा करते, पण तो घटनेत बसत नसेल तर न्यायालय रद्द ठरवतं. हा अधिकार घटनेत स्पष्ट लिहिलेला नाही, १८०३च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यापासून तो रुजला. महाभियोग लावतं प्रतिनिधिगृह, पण खटला चालवतं सिनेट. बघ, कुणाच्याही हातात पूर्ण दोरी नाही. राजाच्या मनमानीला कंटाळलेल्या माणसांनी १७८७ साली फिलाडेल्फियात बसून हा सगळा विचार केला. त्यांना भीती कशाची होती ते समजलं, की सात कलमांची ती छोटीशी घटना सरळ उलगडते.

मग तोच प्रश्न आपल्याकडे विचार. अमेरिकेतला काँग्रेस-सदस्य स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत देऊ शकतो. २०१७ साली सिनेटर जॉन मॅकेन यांनी आपल्याच पक्षाचं आरोग्यविषयक विधेयक मध्यरात्रीनंतर एका मतानं पाडलं, आणि त्यांची जागा शाबूत राहिली. आपल्याकडे १९८५च्या दहाव्या परिशिष्टानंतर पक्षादेश मोडणाऱ्याची आमदारकी जाऊ शकते. २०२२पासून महाराष्ट्रात जे पक्षफुटीचं राजकारण झालं, अपात्रतेचे वाद न्यायालयात गेले, ते तू टीव्हीवर पाहिलंसच. पक्षशिस्त हवी की सदस्याचं स्वातंत्र्य? दोन्ही बाजूंनी लिहून बघ. ते लिहिताना तुला स्वतःचं मत सापडेल.

राज्यांची गोष्ट तर आपल्या घरातलीच. अमेरिकेत एखाद्या राज्याचा तुकडा पाडून नवं राज्य करायचं, तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती लागते. १८६३ साली, ऐन यादवी युद्धात, व्हर्जिनियातून वेस्ट व्हर्जिनिया वेगळं झालं, तेव्हाही संमतीचा सोपस्कार पार पाडावाच लागला. आपल्या घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार राष्ट्रपती राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवतात, पण ते संसदेवर बंधनकारक नसतं. संसदेच्या या अधिकारातूनच हैदराबाद राज्याचे तुकडे झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ला औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे आपले तेव्हाचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. १९६०ला महाराष्ट्र झाला. अमेरिकेचा नियम आपल्याकडे असता, तर हैदराबादच्या विधानसभेच्या होकारावाचून मराठवाडा मराठी मुलखाला मिळाला नसता. पण हाच अधिकार एखाद्या राज्याच्या मनाविरुद्धही वापरता येतो, हेही विसरू नकोस. आजोबांच्या पिढीतल्या कुणाकडून ते दिवस ऐकून घे, आणि मग संघराज्याचं प्रकरण उघड.

दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा: यात कुणाला मोजलंच नाही? अमेरिकेच्या मूळ घटनेत प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांची गणती तीन पंचमांश धरली होती. मत तर त्यांना नव्हतंच. गुलामगिरी १८६५च्या तेराव्या दुरुस्तीनं गेली. आपल्या जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक त्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केलं, इतकं त्यांचं तिकडे लक्ष होतं. १८७०च्या पंधराव्या दुरुस्तीनं वंशावरून मत नाकारायला बंदी केली. १९२०च्या एकोणिसाव्या दुरुस्तीनं स्त्रियांना मताधिकार मिळाला. पण दक्षिणेतल्या राज्यांनी साक्षरतेच्या परीक्षा आणि मतपट्टी, म्हणजे मतदानावरचा कर, यांचे अडसर घालून काळ्या स्त्रीपुरुषांना मतदानापासून दूर ठेवलं. ते अडसर मोडायला १९६५चा मताधिकार कायदा यावा लागला.

आता आपल्याकडे बघ. निजामाच्या राज्यात जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या आपल्याकडच्या बायका १९५२ साली पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदान केंद्रावर गेल्या. त्यांना कुणी वाचून दाखवायला लावलं नाही. अलाबामात एखाद्या शिकल्यासवरल्या काळ्या बाईलाही जे मिळत नव्हतं, ते त्यांना संविधानानं पहिल्याच दिवशी दिलं. हे वाचलं की माझा ऊर भरून येतो, आणि तुझाही यावा अशी माझी इच्छा आहे. स्वतःच्या देशाचा अभिमान असा नेमक्या गोष्टीचा असावा.

अभ्यास कसा करायचा, तेही सांगते. गाईड शेवटच्या आठवड्यासाठी ठेव. अमेरिकेची मूळ घटना एका दुपारी वाचून होते, ती आधी वाच. इंग्रजी जड गेलं तर शब्दकोश जवळ ठेव, पण सोडू नकोस. वहीच्या पानावर मधोमध रेघ मार. डावीकडे तिथली व्यवस्था, उजवीकडे आपली. सिनेटसमोर राज्यसभा लिही: तिथे कॅलिफोर्नियाला दोन आणि वायोमिंगलाही दोनच जागा, इथे मात्र महाराष्ट्राला १९ आणि गोव्याला एक. अध्यक्षीय निवडणुकीत ५३८ निर्वाचक मतांपैकी २७० लागतात हे लिहिताना त्याखालीच नोंदव, की २००० आणि २०१६ साली देशभरात कमी मतं मिळालेला उमेदवार अध्यक्ष झाला. आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आमदाराच्या मताचं मूल्य राज्याराज्यांत वेगळं का असतं, ते त्याच्या समोर लिही. परीक्षेत 'वैशिष्ट्ये सांगा' असा प्रश्न आला, तरी प्रत्येक वैशिष्ट्यामागचं कारण एका ओळीत दे. पाठ केलेलं उत्तर आणि समजलेलं उत्तर यांतला फरक तपासणाऱ्याला लगेच कळतो.

आणि वर्गात प्रश्न विचार. मागच्या बाकावर बसून मान डोलवू नकोस. राजकारण हा मुलींचा विषय नाही असं कुणी सुचवलं, तर वाद घालत बसू नकोस, तुझी वही पुढे कर.

शेवटी नळाच्या पाण्याचं. महापालिकेचं अंदाजपत्रक कोण मांडतं, कोण मंजूर करतं, आयुक्ताला कोण जाब विचारतं, निवडणुका लांबल्या तर तो जाब कोण विचारणार? सिनेट आणि अध्यक्ष यांच्यावर तू जो प्रश्न घासून घासून धारदार केलास, तोच इथे चालव. या सत्रात एक दिवस महापालिकेत जा, अंदाजपत्रकाची प्रत माग, आणि वहीत अमेरिकेच्या शेजारी आपल्या शहराचंही पान उघड. काय लिहिलंस ते मला वाचून दाखव. मला ते खरंच ऐकायचंय.

तुझी,
ताई