‘खट्’ वाजतंय का?

मोबाईलच्या जमान्यात रोलचा कॅमेरा हा विषय तुम्हाला जुनापुराणा वाटेल. पण फॉल्ट फाइंडिंग शिकायला यापेक्षा चांगलं यंत्र मला तरी सापडलेलं नाही.

बोदवडला आमच्या घरी आबांचा याशिका इलेक्ट्रो ३५ आहे. जीएसएन मॉडेल, जे १९७३ साली बाजारात आलं. शहरातल्या एका दुकानदाराने तो हातात घेतल्या घेतल्या सांगितलं, “सर्किट गेलंय, पार्ट मिळत नाही, शोकेसमध्ये ठेवा.” आबांनी ते मान्यही केलं. पण केकी मूस यांच्या जिल्ह्यात राहून, न तपासता कॅमेरा शोकेसमध्ये ठेवायचा हे मला पटेना. शिवाय रोल, धुलाई आणि स्कॅनिंगचा खर्च बघता ‘एक रोल मारून बघू’ ही पद्धत हॉस्टेलच्या खिशाला परवडत नाही. म्हणून ठरवलं, रोल न घालता आणि एकही स्क्रू न काढता जेवढं कळेल तेवढं काढायचं.

आधी काम कसं चालतं ते बघू. या कॅमेऱ्यात आपण फक्त अ‍ॅपर्चर ठरवतो. समोरच्या गोल खिडकीमागचा सेल उजेड मोजतो आणि शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते सर्किट ठरवतं. ३० सेकंदांपासून १/५०० सेकंदापर्यंत. शटरची पाती स्प्रिंगने हलतात, त्यांना उघडं धरून ठेवतो तो इलेक्ट्रोमॅग्नेट. बॅटरीच नसेल तर धरायला कोणी नाही, मग प्रत्येक वेळी १/५०० लाच शटर मिटतं. ‘बॅटरीशिवायही चालतो हो!’ असं म्हणून विकणाऱ्यांपासून सावध राहा, ते एवढंच दाखवत असतात.

मूळ बॅटरी पाऱ्याची, ५.६ व्होल्टची होती. ती आता मिळत नाही. ६ व्होल्टची अल्कलाइन चालते. आकाराने लहान पडते, म्हणून सोबत स्प्रिंग लावावी लागते. मागचं चेक बटण दाबल्यावर वरचा हिरवा दिवा लागला की पुरवठा ठीक. नाही लागला तर सर्किटला शिव्या देण्याआधी बॅटरीच्या कप्प्यात हिरवट थर आहे का ते बघा. गंजलेली वायर हा बिघाड वेगळा आणि बराच स्वस्त.

आमचा दिवा लागला. मग मागचं झाकण उघडून, खिडकीवर बोट ठेवून बटण दाबलं. अंधार समजून शटर उघडंच राहिलं. बोट काढताच मिटलं. म्हणजे सेल जिवंत, मॅग्नेट जिवंत, सर्किट जिवंत. दुकानदाराचं निदान इथेच बाद झालं!

तरी दोष होताच. बोदवडचं दुपारचं ऊन, ४०० ची सेटिंग, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं म्हणजे १.७, अशा वेळी बटण अर्धं दाबलं की जास्त उजेडाचा लाल दिवा लागायलाच हवा. तो कधी लागे, कधी नाही. शटरही त्या उन्हात मधूनच रेंगाळायचं. सर्किट मेलेलं असतं तर दोष रोज सारखा दिसला असता. कधी होतो, कधी नाही, याचा अर्थ काहीतरी आपल्या जागेवर नीट बसत नाही.

आता शीर्षकाकडे येते. रोल पुढे नेणारा लिव्हर फिरवताना आतून स्पष्ट ‘खट्’ ऐकू यायला हवं. शटरची एक दांडी रबराच्या चिमुकल्या गादीवर येऊन बसते, त्याचा तो आवाज. ही गादी कुजून भुगा झाली की दांडीचा प्रवास बदलतो, तिच्यासोबत सरकणारे कॉन्टॅक्ट चुकीच्या जागी थांबतात आणि टायमिंग बिघडतं. आवाजही जातो. आबांच्या कॅमेऱ्यात लिव्हर अगदी मऊ, मुकाट फिरत होता. ‘किती स्मूथ आहे!’ असं रूममेट म्हणाली. आजाराचं लक्षण नेमकं तेच. यात बनवणाऱ्याचा दोष काढू नये. पन्नास वर्षांचं रबर, त्यात आपल्याकडचा मे महिना.

रेंजफाइंडरची झीज तपासायला आपला वर्कशॉपचा धडा कामी येतो. लेथच्या स्क्रूमध्ये बॅकलॅश असतो तसाच इथे. टेपने दोन मीटर मोजून एक उभी पट्टी ठेवा. एकदा जवळून लांब फिरवत आणि एकदा लांबून जवळ येत दोन्ही प्रतिमा जुळवा. लेन्सवरचा आकडा दोन्ही वेळा सारखा आला तर सांधे घट्ट आहेत. वेगवेगळा आला तर झीज. दोन्ही वेळा सारखाच, पण दोनऐवजी भलताच, तर फक्त अ‍ॅडजस्टमेंट. आमच्याकडे हा शेवटचा प्रकार निघाला. मात्र चूक रेंजफाइंडरची की लेन्सची, हे वेगळं बघावं लागतं. बी वर शटर उघडं धरून, रोलच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणून लावला, की लेन्सची प्रतिमा थेट दिसते. ती दोनच्या खुणेवर स्वच्छ होती. लेन्स बरोबर.

गादीपर्यंत पोचायला लेन्सचा पूर्ण भाग काढावा लागतो आणि मागच्या वायरी जुन्या, नाजूक असतात. ते काम मी परीक्षेनंतर जाणत्या मेकॅनिककडे देणार आहे. सोबतची चिठ्ठी तयार आहे: पुरवठा ठीक. सेल, मॅग्नेट ठीक. लिव्हरला ‘खट्’ नाही, गादी बदलावी. रेंजफाइंडर झिजलेला नाही, फक्त जुळवावा. लेन्सचा फोकस बरोबर आहे, काढताना खूण करून त्याच जागी बसवावी.