अपंग माजी सैनिकास अग्रक्रम

प्रश्न : सरकारी नोकरभरतीत अपंग माजी सैनिकास अग्रक्रम देणे इतर उमेदवारांवर अन्याय नव्हे काय? — एक पालक, फोंडा

उत्तर : आपली चिंता मी हलकी लेखीत नाही, तथापि ज्याने ऐन उमेदीची वर्षे सरहद्दीवर वेचली आणि सरकारच्याच हुकमाची तामिली करताना अवयव गमावला, त्यास इतरांच्याच मापाने मोजणे मला न्याय्य वाटत नाही. १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेले सांगलीकडील मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिक स्पर्धेत जलतरणात सुवर्णपदक मिळविते झाले आणि पुण्याच्या टेल्को कंपनीत नोकरीही करते झाले; देह विकल झाला म्हणून कर्तृत्व संपत नाही. नियमांचे म्हणाल तर, केंद्र सरकारच्या ‘क’ वर्गातील नोकऱ्यांत माजी सैनिकांस १० टक्के जागा राखीव आहेत. मुलकी नोकरीत रुजू झाल्यावर मात्र ही सवलत सामान्यतः पुन्हा मिळत नाही.