क-जीवनसत्त्वाची विविध रूपे : तुलनात्मक विचार

क-जीवनसत्त्वाच्या गोळ्यांबाबत रुग्ण ‘नैसर्गिक’ व ‘कृत्रिम’ असा भेद करतात. वस्तुतः ॲस्कॉर्बिक आम्लाचा रेणू दोहोंत एकच असून त्याचे शोषणही सारखेच होते. भेद असतो तो सोबतच्या क्षारांचा व इतर द्रव्यांचा. रुग्णासाठी रूप निवडताना याचाच विचार करावा.

१) ॲस्कॉर्बिक आम्ल : हे स्वस्त असून याची मात्रा निश्चित असते. अम्लपित्ताच्या रुग्णास उपाशीपोटी दिल्यास जळजळ होऊ शकते. म्हणून भोजनोत्तर द्यावे.

२) सोडियम ॲस्कॉर्बेट : हे आम्लधर्मी नसल्याने चघळण्याच्या अनेक गोळ्यांत वापरतात. मात्र याच्या १००० मि.ग्रॅ.मध्ये सुमारे ११६ मि.ग्रॅ. सोडियम असते. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत खाण्याच्या सोड्यामुळे सोडियम आणखी वाढते. उच्च रक्तदाब, हृद्रोग व शोथ असणाऱ्यांना वेष्टनावरील घटक वाचल्याशिवाय अशा गोळ्या देऊ नयेत.

३) कॅल्शियम ॲस्कॉर्बेट : हेही जठरास सौम्य. १००० मि.ग्रॅ.मधून सुमारे १०० मि.ग्रॅ. कॅल्शियम मिळते. कॅल्शियमच्या अन्य गोळ्या चालू असल्यास ते हिशेबात धरावे.

४) आमलकी : लवणवर्जित पंचरसात्मक, शीतवीर्य व मधुरविपाकी. २०१७ च्या भारतीय अन्नघटक तक्त्यांत १०० ग्रॅम ताज्या आवळ्यात सुमारे २५० मि.ग्रॅ. क-जीवनसत्त्व नोंदले आहे; जुन्या तक्त्यांत हाच आकडा ६०० होता. शिवाय वाळविण्याने व दीर्घ पाकाने ते घटते. म्हणून चूर्णात वा च्यवनप्राशात ते अमुक इतके आहे असे गृहीत धरता येत नाही. आमलकीचे रसायनत्व या एकाच घटकावर अवलंबून नाही, हे खरे. तथापि हिरड्यांतून रक्तस्राव, त्वचेखाली रक्ताचे ठिपके व व्रण न भरणे अशी स्कर्व्हीसूचक लक्षणे असता केवळ अवलेहावर विसंबणे धोक्याचे ठरते. तेथे निश्चित मात्रेचे ॲस्कॉर्बिक आम्लच योजावे. आमलकी अनुषंगाने द्यावी.

मात्राविचार : भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषास ८० व स्त्रीस ६५ मि.ग्रॅ. दैनिक मात्रा पुरेशी आहे. मात्रा १ ग्रॅमच्या पुढे गेल्यास शोषण निम्म्याहून कमी होते व अतिसाराचा संभव वाढतो. ऑक्झलेटजन्य अश्मरीचा पूर्वेतिहास वा शरीरात लोहसंचय असणाऱ्यांना मोठी मात्रा वर्ज्य समजावी.

औषधविक्रेत्या बंधूंनी गोळी देण्यापूर्वी रक्तदाब व अश्मरी याविषयी दोन प्रश्न अवश्य विचारावेत.