चार अब्ज बत्तीस कोटी

देवळात असो वा घरी, पूजेच्या आरंभी यजमान हातात उदक घेऊन संकल्प करतो. त्यात श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर आणि अठ्ठाविसावे कलियुग यांचा उच्चार होतो. तिथीवाराकडे आपले लक्ष असते; कल्पाची गणना मात्र कानांवरून निघून जाते. ती एकदा पाटीवर मांडून पाहू.

कलियुगाची वर्षे ४,३२,०००. द्वापर त्याच्या दुप्पट, त्रेता तिप्पट, कृत चौपट. मिळून महायुगाची ४३,२०,०००. अशी सहस्र महायुगे म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, तोच कल्प. त्याची वर्षे ४,३२,००,००,०००. कल्पात मनू चौदा, आणि प्रत्येक मनूची महायुगे एकाहत्तर. शाळेत असताना आम्ही हा गुणाकार केला व ९९४ हे उत्तर पाहून चरकलो. सहा महायुगे गेली कोठे? पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलेला हिशेबच चुकीचा, ही शंका आम्ही भीत भीत तीर्थरूपांपुढे मांडली. ते रागावले नाहीत. "संधिकाल धरलेस का?" एवढेच त्यांनी विचारले.

सूर्यसिद्धांताप्रमाणे कल्पारंभी एक व प्रत्येक मनूच्या अंती एक, असे पंधरा संधिकाल असतात. प्रत्येक कृतयुगाएवढा, म्हणजे महायुगाचा चार दशांश. पंधरा वेळा चार दशांश म्हणजे बरोबर सहा! त्या रात्री आम्हांस आनंदाने झोप आली नाही.

या संख्येचे मूळ अवयव पाडले तर २ अकरा वेळा, ३ तीन वेळा आणि ५ सात वेळा येतो. चौथा अवयवच नाही. तिला निःशेष भागणाऱ्या संख्या ३८४ आहेत, पण सात त्यांत नाही. म्हणून चौदा मनूंत तिची सारखी वाटणी होत नाही. इ. स. ४९९ मध्ये आर्यभटाने निराळा मार्ग धरला : मनूची महायुगे बहात्तर, कल्पाची १००८, संधिकालाची गरजच नाही. स्मृतींना सोडल्याबद्दल ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये त्याला दोष दिला. वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी, पण आर्यभटाची वाटणी आम्हांस अधिक सुटसुटीत वाटते.

विज्ञान पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे सांगते, हे ऐकून काही जण हर्षित होतात. परंतु संकल्पाप्रमाणे कल्पाचा निम्मा भागही अद्याप सरलेला नाही. तेव्हा हा मेळ जुळत नाही, आणि तो जुळवण्याचे कारणही नाही.

एवढ्या मोठ्या संख्येचे खरे प्रयोजन अपूर्णांक टाळण्याचे आहे. वर्षाचे दिवस पूर्णांकात येत नाहीत; महायुगाचे मात्र सूर्यसिद्धांतात १,५७,७९,१७,८२८ असे पूर्ण येतात. तसेच महायुगात सौरमास ५,१८,४०,००० आणि अधिकमास १५,९३,३३६. भागाकार केल्यास सरासरी साडेबत्तीस सौरमासांहून किंचित अधिक काळाने एक अधिकमास पडतो. २०२३ साली अधिक श्रावण आला, त्यानंतर २०२६ साली अधिक ज्येष्ठ. धोंड्याच्या महिन्यात जावयाच्या ताटात अनारसे पडतात, ते याच भागाकाराने.