न दुखणारी गाठ आणि आपण

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगड हे माझ्या मामाचे गाव. महाशिवरात्रीला तेथे गडावरच्या महादेवाला आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांच्या दर्ग्याला मोठी यात्रा लोटते. लहानपणी ही यात्रा मी मामीचे बोट धरून पाहिली. पुढे एका पावसाळ्यात मामीने आईला छातीतल्या गाठीविषयी सांगितले, तेव्हा मी शेजारच्या खोलीत होतो. "दुखत नाही, तं कायले जायचं दवाखान्यात? रोवणी होऊ दे," ती म्हणाली. रोवणीनंतर धानकापणी आली, कापणीनंतर यात्रा. हा बायकांचा विषय, असे समजून मी गप्प राहिलो. नागपूरला नेले तेव्हा रोग दूरवर पसरला होता. पुढच्या यात्रेला मामी नव्हती.

मित्रमैत्रिणींनो, या आजाराची खरी फसवणूक न दुखण्यातच आहे. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीस बहुधा दुखत नाही. स्तनात वा काखेत गाठ लागणे, कातडीला खळी पडणे, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे ही त्याची लक्षणे होत. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. बहुतेक गाठी साध्या असतात. पण हे ठरवायचे डॉक्टरांनी तपासून, आपण अंदाजाने नव्हे. हा रोग स्पर्शाने पसरत नाही आणि तो कोणाच्या पापाचे फळही नाही. क्वचित तो पुरुषांनाही होतो. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले.

यावर उपाय केवळ मोठ्या यंत्रांतच आहे काय? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, हाताने स्तनतपासणी केली व त्यांना माहिती दिली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात रोग अधिक लवकरच्या अवस्थेत सापडला. पन्नाशीच्या व त्यापुढील स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र तसा ठळक फरक दिसला नाही. तात्पर्य, शिकवलेला हात आणि वेळेवर बोललेला शब्द यांनी प्राण वाचू शकतात.

तपासणी हे प्रशिक्षितांचे काम. शब्द मात्र आपल्या हाती आहे. शासनाच्या कार्यक्रमात तीस वर्षांवरील स्त्रियांच्या स्तनतपासणीची तरतूद आहे. आपल्या आईला, मावशीला, काकूला हे कोण सांगणार? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याच शिबिरात एक दुपार आशाताईंना बोलावून विद्यार्थिनींनी गावातील स्त्रियांशी बोलावे. आणि आम्हा मुलांनी? घरातील पैसा आणि मोटारसायकल बहुधा पुरुषांच्या हाती असते. तेव्हा "चल, आजच दाखवून येऊ," हे म्हणणे आमचेही काम आहे.

रोवणी दरवर्षी येते. एक दिवस उशिरा लावलेले धानही उगवते. त्या दिवशी शेजारच्या खोलीतून उठून मी एवढेच बोलायला हवे होते. तुम्ही ते बोला.